पाळी गेली की मुलाला बोलावून घेते, तरी सुनेला दिवस राहत नाहीत

पत्र :

डॉक्टरबाई, आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. मुलाच्या लग्नाला अडीच वर्षं झाली. मुलगा ३१ चा, सून २७ ची. मुलगा चाकणला फोर्जिंगच्या कंपनीत भट्टीवर आहे, आणखी दोन पोरांबरोबर एका खोलीत राहतो. सून इथं आमच्याजवळ असते, कारण माझे गुडघे गेलेत आणि दोन म्हशी आहेत. पाळी तिला नीट येते, तीस-एकतीस दिवसांनी. ती बाजूला बसते, त्यामुळे तारखा मला ठाऊक असतात. पाचव्या दिवशी न्हाली की मी मुलाला फोन करून बोलावते. तेच दिवस धरायचे असतात असं आमच्या सासूबाई सांगायच्या. तो खाडा करून येतो, एक-दोन रात्री राहून जातो. एरवी सणावारालाच. तरी दिवस राहत नाहीत.

सुनेची सोनोग्राफी, थायरॉइड, रक्त सगळं झालं, बरोबर आहे म्हणाले. एकानं सांगितलं, पिशवी उलटी आहे. आता दुर्बीण घालून बघू म्हणतात, ४५ हजार सांगितलेत. तिच्या अंगावरून पांढरंही जातं. माझ्या मुलीजवळ ती म्हणाली की संबंध झाल्यावर सगळं बाहेरच येतं, आत काही राहत नाही. एका डॉक्टरनं मुलाची तपासणी करायला सांगितली. पण तो धडधाकट आहे, तालमीत वाढलाय, त्याचा असा अपमान कशाला? एकीनं मुलगाच होईल अशी पुडी दिलीय, ती देऊ का? पालच्या खंडोबाला नवसही बोललेय. आणि टेस्ट ट्यूब करावं लागलं तर बाप दुसराच असतो म्हणतात, ते खरं का?

— एक सासू, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई,

दुर्बिणीचे ४५ हजार तूर्त कपाटातच राहू द्या. तुमच्या पत्रात एक गोष्ट अशी आहे की ती तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी एकालाही कुणी सांगितलेली दिसत नाही. नवरा चाकणला, बायको कराडला, आणि भेट होते ती पाळी गेल्या-गेल्या, एक-दोन रात्री. हे न विचारता कुणी दुर्बिणीपर्यंत पोचलं असेल तर त्याला दिलेली फी आधी परत मागायला हवी.

लग्नाला अडीच वर्षं झाली हे खरं. पण नवरा-बायको एकत्र राहत असतील, कुठलंही साधन वापरत नसतील, दोन-तीन दिवसांआड संबंध येत असतील आणि तरीही वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर मग काही अडचण आहे असं धरून आम्ही तपासायला घेतो. बाई ३५ च्या पुढची असेल तर सहा महिन्यांनीच. असं एकत्र राहणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी ऐंशी-पंच्याऐंशी जणांकडे वर्षाच्या आत गोड बातमी असते. तुमच्या मुला-सुनेचं ते वर्ष अजून सुरूच झालेलं नाही.

तारखा मांडून बघा. समजा, सुनेची पाळी १ तारखेला आली. ५ ला ती न्हाली, तुमचा फोन गेला, ६ ला मुलगा आला आणि ७ ला परत गेला. तिची पुढची पाळी येणार तीस-एकतीस दिवसांनी. अंडाशयातून अंडं सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, म्हणजे तिचं अंडं सुटणार १७ किंवा १८ तारखेला. ते जगतं १२ ते २४ तास. पुरुषाचं बीज जास्त चिवट असतं, बाईच्या शरीरात सोय असेल तर पाच दिवसांपर्यंत तग धरतं. म्हणजे ७ तारखेचं बीज फार तर १२ पर्यंत. अंड्याचा तेव्हा पत्ताच नसतो. आणि मी सोय असेल तर म्हटलं. पाळी संपल्या-संपल्या ती सोयही नसते.

तुमच्या सासूबाईंना मी नावं ठेवणार नाही. आपल्या जुन्या ग्रंथांत ऋतुकाळ धरलाय तो पाळी सुरू झाल्यापासून बारा किंवा सोळा रात्रींचा. त्यातल्या शेवटच्या रात्री बऱ्याच जणींच्या कामी आल्या असत्या, पण लोकांनी लक्षात ठेवल्या त्या पहिल्याच. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत युरोपातल्या डॉक्टरांचीही समजूत याहून फारशी वेगळी नव्हती. जपानमधल्या निइगाता शहरात क्युसाकु ओगिनो नावाचे डॉक्टर होते. पोटाची शस्त्रक्रिया करताना बाईची अंडाशयं प्रत्यक्ष दिसतात, तेव्हा अंडं सुटलंय का ते बघायचं आणि पाळीच्या तारखांशी ताडून ठेवायचं, असं करत त्यांनी १९२४ मध्ये हे दाखवून दिलं की अंड्याचा दिवस मागच्या पाळीवरून मोजायचा नसतो, पुढच्या पाळीवरून उलटा मोजायचा असतो. ऑस्ट्रियाच्या हेर्मान क्नाउस यांनाही त्याच दशकात स्वतंत्रपणे तेच आढळलं. पुढं १९९५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातला एक अभ्यास छापून आला. मूल हवं असलेल्या २२१ बायकांची रोजची लघवी साठवून, तपासून केलेला. त्यात दिसलं की दिवस राहण्यासारखे दिवस महिन्यात फक्त सहा असतात : अंडं सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. तुमच्या सुनेच्या बाबतीत, अंडं १७ ला सुटो की १८ ला, ते पाळी सुरू झाल्यापासून बाराव्या ते अठराव्या दिवसात येतात. तुमचा मुलगा तोवर भट्टीवर परत गेलेला असतो.

आता त्या पांढऱ्याचं. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, आणि त्याच्यासाठी तिला कसला तरी काढाही चालू असणार असा माझा अंदाज आहे. पाळी गेल्यावर पहिले काही दिवस बाईला खाली कोरडं वाटतं. मग थोडं दाटसर, चिकट पांढरं जायला लागतं. अंडं सुटायची वेळ जवळ आली की ते पातळ, पारदर्शक आणि बुळबुळीत होतं, अगदी कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. अंगठा आणि पहिल्या बोटात धरून बोटं लांब केली तर दोन-तीन इंच तार निघते, तुटत नाही. अंडं सुटून गेलं की एक-दोन दिवसांत पुन्हा दाट होतं किंवा थांबतं. हे येतं कुठून? पिशवीच्या तोंडातून. एरवी ते तोंड घट्ट स्रावानं बंद असतं, बीजाला वर जाता येत नाही आणि योनीतल्या आम्लात ती बीजं काही तासांतच मरतात. तार निघते त्या दिवसांत मात्र वाट मोकळी होते, तोंडाच्या आतल्या घड्यांमध्ये बीजं थांबू शकतात आणि थोडी थोडी करून वर जात राहतात. सोय म्हणाले ती ही. म्हणजे ज्या पांढऱ्याला तुम्ही अशक्तपणा समजताय, तोच सुनेच्या अंगाचा निरोप आहे की आता वेळ झाली.

तेव्हा काढा बंद. तिनं एवढंच बघायचं की लघवीला गेल्यावर पुसताना निसरडं लागतंय का. लागलं की त्या दिवसापासून कोरडं पडेपर्यंत एक दिवसाआड संबंध आले तरी पुरे. रोज आले तरी बिघडत नाही. बीज साठवून ठेवावं म्हणजे जोर येतो हा समज खोटा आहे. मेडिकलमध्ये यासाठी लघवीच्या पट्ट्या मिळतात, हौस असेल तर वापराव्यात. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर भिस्त ठेवू नये, ते नुसतं सरासरीचं गणित करतं. पांढऱ्याला घाण वास असेल, खाज किंवा जळजळ असेल, रंग हिरवट-पिवळा असेल, ओटीपोटात दुखत असेल तर मात्र तो जंतुसंसर्ग. तिथं डॉक्टर हवा, आणि काही वेळा औषध दोघांनीही घ्यावं लागतं.

हे निरीक्षण तिनं करायचं आहे, तुम्ही नाही. ती बाजूला बसते म्हणून तुम्हाला तारखा कळतात, त्यावर मला पुष्कळ बोलायचं आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

उपाय सरळ आहे. सुनेला चाकणला पाठवा. हे वाचताना आधी तुमचे गुडघे बोलले असतील, मग म्हशी, हे मी समजू शकते. धारेला आणि शेणाला एखादी बाई लावा, नाहीतर एक म्हैस कमी करा. ४५ हजारांत एका खोलीचं कितीतरी महिन्यांचं भाडं निघतं. खोली मात्र त्या दोघांची वेगळी हवी. दोन दोस्तांच्या खोलीत चादरीचा आडोसा करून संसार होत नसतो. वर्षभर शक्य नसेल तर निदान सहा महिने राहू द्या. तेही जमणार नसेल तर मुलाच्या रजा पाळीनंतर लगेच न घालवता बाराव्या-तेराव्या दिवसापासून पुढं घ्यायला सांगा.

आणि तो फोन तेवढा बंद करा. ताई, जरा डोळ्यांपुढं आणा : पाळीचा हिशेब आईकडे, बोलावणं आईचं, कंपनीत खाडा, एवढा प्रवास, आणि भिंतीपलीकडे आई-वडील जागे आहेत हे दोघांनाही ठाऊक. अशा रात्री भल्याभल्यांचं अंग साथ देत नाही. ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. बाईचे योनीभोवतीचे स्नायू भीतीनं आवळतात, दुखतं, आत जातच नाही. लग्नाला वर्षं लोटली, बाईच्या फायलीत सोनोग्राफीचे चार-पाच रिपोर्ट, आणि संबंध एकदाही पूर्ण झालेला नाही, अशी जोडपी प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाकडे येतात. दोघंही घरी तोंड उघडू शकत नाहीत. तुमच्याकडे तसं आहे असं मी म्हणत नाही. तिनं तुमच्या मुलीजवळ जे सांगितलं त्यावरून संबंध होत असावेत. पण हे विचारायचं काम डॉक्टरचं, तेही एकेकट्याला आत घेऊन.

तिच्या त्या शंकेचं उत्तर सोपं आहे. संबंधानंतर बाहेर येतं ते सगळ्याच बायकांचं येतं. वीर्य आत पडल्यावर आधी घट्ट होतं आणि पंधरा-वीस मिनिटांत पातळ होऊन वाहून जातं. ज्यांना वर जायचं असतं ती बीजं तोवर पिशवीच्या तोंडात शिरलेली असतात. उशी घेऊन, पाय भिंतीला लावून तासभर पडून राहायची काही गरज नाही. उलट्या पिशवीचंही तसंच. साधारण पाचातल्या एका बाईची पिशवी पुढं झुकण्याऐवजी मागं झुकलेली असते, जसं कुणी डावखुरं असतं. त्यानं दिवस राहायला अडचण येत नाही. सोनोग्राफीवाल्यानं ते नोंद म्हणून लिहिलं, कुणीतरी आजार म्हणून वाचून दाखवलं.

आता मुलाकडे वळते. तुम्ही लिहिलंय, धडधाकट आहे, तालमीत वाढलाय. असेलच. पण पुरुषाच्या वृषणात दोन कामं चालतात आणि ती वेगवेगळ्या पेशी करतात. एका प्रकारच्या पेशी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) तयार करतात. दाढी-मिशा, आवाज, ताकद, इच्छा हे सगळं त्यावर. दुसरीकडे बीज तयार होतं. पहिलं काम उत्तम आणि दुसरं शून्य, असं असू शकतं; त्या माणसाला स्वतःलाही कळत नाही, बायकोला तर नाहीच. वीर्याकडे बघूनही कळत नाही, कारण त्यातला बहुतेक भाग इतर ग्रंथींचा द्रव असतो, बीजांचा वाटा शेकड्यात दोन-पाचच. नसबंदी झालेल्या पुरुषाचं वीर्य दिसायला अगदी पहिल्यासारखंच असतं, यावरून समजा. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या जोडप्यांत अडचण पुरुषाकडे असते, कधी एकट्याकडे, कधी दोघांकडे थोडी थोडी. आणि तरी आपल्याकडे बाई टेबलावर आणि नवरा दवाखान्याबाहेर मोटरसायकलला टेकून मोबाइल बघत उभा, हेच चित्र असतं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तर मला तपासणी हवीच आहे, कारण तो भट्टीवर आहे. वृषणं शरीराबाहेर लोंबत ठेवलीत ती उगाच नाही. बीज तयार व्हायला अंगापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. रोज तासन्‌तास धगीपाशी उभं राहणाऱ्यांची बीजं कमी होऊ शकतात. सगळ्यांचीच होतात असं नाही, पण बघितल्याशिवाय कळणार कसं? तंबाखू, विडी-सिगारेटनंही फरक पडतो. (गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, कोणत्या टपरीवर मिळतो ते तुमचा मुलगा माझ्यापेक्षा जास्त जाणत असेल.) वयात आल्यावर गालगुंड झाले होते का, लहानपणी एखादं वृषण खाली उतरलं नव्हतं का, हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, हे डॉक्टर विचारतील. डाव्या बाजूला शिरांचा गुंता झालेला असतो का ते हातानं तपासतील. आणि तालमीतला किंवा जिममधला कुणी अंग भरायला इंजेक्शनं देत असेल तर ती आजच्या आज थांबली पाहिजेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बीज तयार करणं बंद करतं. दंड फुगतात आणि बीज शून्यावर येतं. सोडल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण त्याला महिने लागतात. हमरस्त्यालगतच्या तंबूतल्या ताकदीच्या औषधांनाही तोच नियम.

अपमान म्हणताय, पण ही तपासणी काय असते बघा. सुई नाही, भूल नाही, एक्स-रे नाही. दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नाही, एवढं पथ्य. मग प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत, त्यांनी दिलेल्या रुंद तोंडाच्या डबीत हस्तमैथुनानं नमुना द्यायचा. तेल, साबण, थुंकी काही लावायचं नाही. साध्या निरोधमध्ये घेतलेला नमुना चालत नाही. पहिले थेंब सांडले तर तसं सांगायचं, कारण बीज त्यातच जास्त असतं. घरून न्यायचा असेल तर डबी खिशात अंगाच्या उबेला ठेवून तासाभराच्या आत पोचवायची. सुनेला सुचवलेल्या दुर्बिणीत पूर्ण भूल देतात, पोटाला छेद घेतात. दोन्हींतलं आधी काय करायचं, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

रिपोर्ट हातात आला की घाबरून जाऊ नये, म्हणून दोन-तीन आकडे सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे वीर्य १.४ मिलीलिटर, एका मिलीलिटरमध्ये १ कोटी ६० लाख बीजं आणि शंभरात ४२ हालती, ही खालची मर्यादा आहे. आकार नीट असणारी शंभरात चार असली तरी चालतं! रिपोर्टमध्ये ९६ टक्के सदोष असं वाचून नवरे माझ्यासमोर पांढरे पडलेत; ते जवळपास सगळ्यांचंच असतं. आकडे याखाली आले म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, आणि वर आले म्हणजे खात्री असंही नाही. एक बीज तयार होऊन बाहेर यायला अडीच-तीन महिने जातात. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी सणकून ताप येऊन गेला असेल तरी रिपोर्ट खराब दिसतो. म्हणून पहिला वाईट आला तर तीन महिन्यांनी पुन्हा, मगच पुढची गोष्ट.

पुडीचं उत्तर एका शब्दात : नाही. मुलगा की मुलगी हे ठरतं ते अंड्यात शिरणाऱ्या बीजावर. बीज वाय गुणसूत्र घेऊन आलं तर मुलगा, एक्स घेऊन आलं तर मुलगी. बाईच्या अंड्यात फक्त एक्सच असतं. म्हणजे यात सुनेचा काडीचा हात नाही, आणि एकदा ठरलं की कुठली पुडी ते बदलू शकत नाही. अशा पुड्यांत काय घातलंय ते देणारीलाही माहीत नसतं. काहींत संप्रेरकं सापडलीत, आणि पोटातल्या गर्भाची इंद्रियं घडत असताना ती जाणं धोक्याचं असतं. लिंगनिवडीविरुद्ध देशाचा कायदा १९९४ चा. महाराष्ट्रानं तर त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, गर्भलिंग तपासणीवर बंदीचा कायदा केला होता. त्या राज्यात २७ वर्षांच्या पोरीला अजून दिवस राहिलेले नाहीत आणि घरात पुडी आलीय. ती उकिरड्यावर टाका, म्हशींच्या गव्हाणीत नको. खंडोबाचा नवस राहू द्या, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

तिला द्यायचंच असेल काही तर फोलिक अ‍ॅसिड द्या, रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी, दिवस राहायच्या आधीपासून. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा जिथून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकली हे कळेपर्यंत त्यातला निम्मा वेळ गेलेला असतो. म्हणून नंतर सुरू केलेली गोळी या कामाला उशिरा पोचते.

टेस्ट ट्यूब इतक्यात तुमच्या वाटेवर नाही, पण भीती घालवायला सांगते. अंडं आणि बीज एरवी भेटतात ते पिशवीत नाही, अंडाशयाकडून पिशवीत येणाऱ्या नळीत. तिथून तो गर्भ तीन-चार दिवसांनी पिशवीत उतरतो आणि आणखी काही दिवसांनी चिकटतो. टेस्ट ट्यूबमध्ये ही नळीतली भेट प्रयोगशाळेत घडवतात, एवढाच फरक. अंडं बायकोचं, बीज नवऱ्याचं. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ ला असं पहिलं बाळ जन्मलं, तीही त्या आई-बापांचीच मुलगी. दुसऱ्याचं बीज किंवा अंडं वापरायची वेळ आली तर नवरा-बायको दोघांची लेखी संमती लागते, २०२१ च्या कायद्यानं ती सक्तीची आहे. त्याच कायद्यानं अशा प्रत्येक केंद्राला नोंदणी घ्यावी लागते. कधी गेलात तर नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर कुठं लावलंय ते विचारा.

राहिला प्रश्न मुलाला सांगायचं कुणी. तुम्ही सांगू नका, वडिलांनीही नको. तुमची मुलगी सुनेच्या विश्वासातली दिसते. तिनं तिच्या नवऱ्याला हे सदर वाचायला द्यावं आणि जावईबापूंनी मेहुण्याला बाजूला घेऊन एवढंच म्हणावं, की तपासून घे, माझ्यावर वेळ आली असती तर मीही घेतली असती. पुरुष हे पुरुषाकडून ऐकतात. पुणे-पिंपरीकडे प्रयोगशाळांना तोटा नाही, गावात कुणाला कळायचा प्रश्न नाही. रिपोर्ट आला की तो आधी त्या दोघांना वाचू द्या. तुम्हाला कधी आणि किती सांगायचं ते त्यांचं ते ठरवतील.

रिपोर्ट ठीक आला तर चाकणच्या खोलीत वर्षभर त्यांना कुणी काही विचारू नये. वर्ष उलटूनही काही झालं नाही तर दोघांनी मिळून, सगळे कागद घेऊन, एकाच डॉक्टरकडे जावं. तेव्हा आधी नळ्यांचा एक्स-रे, तोही पाळी गेल्यावर लगेचच्या दिवसांत, आणि त्यात काही दिसलं तरच दुर्बीण. फक्त एक गोष्ट आजच विचारून घ्या : सुनेला लहानपणी टीबीचं औषध झालं होतं का, किंवा तिच्या माहेरी घरात कुणाला टीबी होता का. तो जंतू काही न दुखवता नळ्या बंद करून बसतो, आपल्याकडे हे बरंच आढळतं. उत्तर हो असेल तर वर्षभर थांबायचं नाही, तिनं आणि मुलानं पुढच्याच महिन्यात मोठ्या रुग्णालयात दाखवावं.